सान तादेओचा झेंडा

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजता पेटी उघडली आणि पेटीत झेंडा नव्हता.

मऊ पांढऱ्या कागदाचे थर होते, ओलावा शोषणाऱ्या पुड्या होत्या, 'ही बाजू वर' असं चार भाषांत सांगणाऱ्या चिठ्ठ्या होत्या. ज्याच्यासाठी हा सगळा थाट, तो दोनशे वर्षांचा रेशमी झेंडा तेवढा गायब. झेंड्याची राखण करायला दक्षिण अमेरिकेतून आलेल्या इनेसबाई मटकन खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मॅनेजर शौनकने आधी घड्याळाकडे आणि मग फोनकडे पाहिलं. पेटीचे स्क्रू काढणारा दिलावर हातात स्क्रू-ड्रायव्हर धरून तसाच उभा राहिला.

तासाभरात मला फोन आला. मी देवीदास, मूळचा नाशिकचा, एकवीस वर्षं कतारमध्ये. जहाजातून आलेला माल भिजला, फुटला किंवा हरवला की विमा कंपनी मला बघायला पाठवते. ओला तांदूळ, चेपलेले फ्रीज, बुरशी धरलेले सोफे यांत माझी हयात गेली. माझ्या सहीला वजन असतं, पण तेवढंच. कुणाला पकडायचा अधिकार मला नाही आणि सोडायचा तर मुळीच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्याकडून फार अपेक्षा राहणार नाही.

साल दोन हजार बावीस, ऑक्टोबर. वर्ल्ड कप महिन्यावर आला होता. जो तो कुठल्या ना कुठल्या देशाचा झेंडा खांद्यावर टाकून फिरत होता. फुटबॉलवेड्या पाहुण्यांसाठी दोह्यातल्या एका दालनात प्रदर्शन लागणार होतं: स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणारे देश कसे गुलाम झाले आणि कसे सुटले. पहिल्या खोलीत जहाजं आणि क्रूस, मधल्या खोल्यांत चांदीच्या खाणी, उसाचे मळे, साखळदंड, आणि शेवटच्या खोलीत स्वातंत्र्य. त्या शेवटच्या खोलीतली मधली काचपेटी सान तादेओ गावच्या झेंड्यासाठी होती.

"सर, उद्घाटनाला नऊ दिवस राहिलेत," शौनक म्हणाला. पुण्याचा मुलगा, पस्तिशीचा, हुशार. वाक्य सुरू करण्याआधीच त्याला ते संपवायची घाई असते. "मला रिपोर्ट लवकर हवा. आणि खरं सांगू का, माणूस सापडलेला आहे."

"कोण?"

"दिलावर. त्याच्या हातमोज्याला लाल रेशमाचा धागा मिळालाय."

२

दिलावर पन्नाशीचा, रायगडातल्या रेवदंड्याचा. बावीस वर्षं पेट्या ठोकणं आणि उघडणं हेच काम. मी गेलो तेव्हा तो गोदामाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसला होता, आणि हातमोजे नसल्यामुळे त्याला हात कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं.

"दिलावरभाई, मराठीत बोला," मी म्हटलं. "काय झालं ते सुरुवातीपासून सांगा."

"साहेब, रविवारी हमद पोर्टला पेटी उतरली. कस्टमवाल्यानं खोलायला लावली. झेंडा होता. मी बघितला, कस्टमवाल्यानंही बघितला. कापड पार जुनं, घडीवर चिरत आलेलं. त्यानं ओके म्हटलं, मी सहा स्क्रू लावले, गाडीत घातली, संध्याकाळी इथं आणली. ठेवली नि निघालो. खलास."

"झेंड्याला हात लावलात?"

"नाय." फार लवकर म्हणाला.

"मग धागा?"

भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती: वस्तूंना हात लावल्यास नोकरी जाईल. त्याची नजर दोनदा तिच्याकडे गेली. ते मला ओझरतं दिसलं, पण मी नेमका वही चाळत होतो, त्यामुळे त्याचा अर्थ लागला नाही. याचा मला अजून राग येतो.

"साहेब, मला शुक्रवारी जायचंय," तो एकदम म्हणाला. "बापूस अंथरुणाला खिळलाय. चौऱ्याऐंशी वर्षांचा. डॉक्टरनी सांगितलं, या आठवड्यात या. तिकीट काढलंय. रजा मंजूर हाय. तुम्ही यांना जरा समजवा."

मी "इन्शाल्ला" म्हटलं. इथे राहून लागलेली ही सवय. ज्याचं आपल्या हातात काही नसतं त्याला आपण हेच म्हणतो.

चार वाजता शौनकने सांगितलं की पोलिसांत तक्रार गेली आहे आणि दिलावरच्या नावावर ट्रॅव्हल बॅन लागला आहे. चौकशी संपेपर्यंत तो कतार सोडू शकत नव्हता.

३

पेटी गोदामात आली की चोवीस तास बंद ठेवायची, असा नियम आहे. आतल्या जुन्या वस्तूला इथल्या हवेची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणजे रविवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ ही पेटी नुसती एका खोलीत पडून होती. किल्ली स्टोअरकीपर अश्फाककडे. अश्फाक मूळचा रत्नागिरीचा आणि लिहिण्याच्या बाबतीत इतका काटेकोर, की स्वतः चहाला गेला तरी रजिस्टरमध्ये वेळ टाकतो.

"त्या खोलीत एकट्यानं कोण कोण होतं?" मी विचारलं.

"तीन माणसं, साहेब. रविवारी संध्याकाळी दिलावर, दहा मिनिटं. सोमवारी चार वाजता इनेस मॅडम, चाळीस मिनिटं, खोलीची हवा तपासायला. सोमवारी सहा वाजता शौनक सर, पाच मिनिटं."

"आणि तुम्ही?"

"मी दाराबाहेर. माझंही नाव लिहा पाहिजे तर. पण दिलावरनं चोरलं असं मला विचाराल तर तोंडावर नाय म्हणेन. त्याला झेंड्याची किंमत काय माहीत?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"विम्याच्या कागदावर वाचली. तेव्हापासून झोप नाय."

शौनकला विचारलं तर तो चिडला. "सर, मी फक्त मोजमाप घ्यायला गेलो होतो. काचपेटी लहान पडते की काय, हे बघायला. माझ्या करिअरची वाट लागली आहे, मी कशाला चोरू?" त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. या प्रदर्शनावर त्याची बढती अडली होती.

राहिल्या इनेसबाई. पण स्वतःच्या गावचा झेंडा कोण चोरतं? त्यांना भेटायला मी द पर्ल बेटावरच्या त्यांच्या हॉटेलात गेलो. साठीच्या, सडपातळ, शाळामास्तरणीसारख्या ताठ. इंग्रजी सावकाश बोलत, पण स्वच्छ. रविवारी रात्री त्यांचं विमान उतरलं होतं. बंदरावर त्या नव्हत्या. झेंड्याची पेटी त्यांच्या देशाच्या राजधानीत सप्टेंबरमध्ये सरकारी माणसांनी बांधली होती.

"पोलिसांना चांगला फोटो हवा होता ना?" त्या म्हणाल्या. "पेटी बांधतानाच्या सरकारी रिपोर्टमधला काळपट आहे. हा घ्या. ऑगस्टमध्ये मी आमच्या म्युझियममध्ये काढला होता."

फोटो सुंदर होता. पांढऱ्या कागदावर पूर्ण पसरलेला झेंडा, बाजूने पडलेला उजेड, प्रत्येक टाका दिसेल असा. मी तो फाइलमध्ये घातला आणि आभार मानले. गुरुवारी दुपारच्या विमानाने त्या परत जाणार होत्या.

लिफ्टपाशी त्यांनी मला थांबवलं. "त्या माणसाला काय करतील?"

"कोणत्या?"

"पेटी उघडणाऱ्या."

"बघू," मी म्हणालो. तेव्हा मला त्यांचं चांगुलपण वाटलं होतं.

४

बुधवार मी बंदरावर आणि फोनवर घालवला. कस्टमच्या माणसाने सांगितलं की झेंडा पेटीत होता, हे तो शपथेवर सांगेल. झालं! म्हणजे राजधानीतून रिकामी पेटी आली, हीही शक्यता संपली. दिलावरच्या मानेभोवतीचा फास मीच एका दिवसात आवळला होता. संध्याकाळी त्याचा फोन आला. बापूस जेवत नाही, पाणी चमच्याने देतात, आणि दर तासाला एकच विचारतो, दिलावर निघाला का.

जेवणाच्या टेबलावर फाइल उघडी टाकून मी आमटी गार करत बसलो होतो. बायको आसावरी ताट उचलायला आली आणि फोटो बघून थांबली.

"अहो, रेशीम आहे का हे?"

"हो."

"मग याची घडी बदललीय कुणीतरी. छान केलं."

"म्हणजे?"

"हा बघा ना." तिने दोन्ही फोटो शेजारी ठेवले. डावीकडे राजधानीतला काळपट, सप्टेंबरचा. उजवीकडे इनेसबाईंचा. "यात मधोमध एक उभी, एक आडवी घडी. वर्षानुवर्षांची, पार चिरलेली. आणि या दुसऱ्यात ती आहेच, पण शिवाय या दोन उभ्या रेघा. कोवळ्या. म्हणजे चौघडी सोडून तिघडी घातली होती. मी नाही का, माझा शालू आणि आईची पैठणी वर्षातून दोनदा काढते, उन्हाआड पसरते आणि घडी बदलून ठेवते? एकाच घडीवर ठेवलं तर रेशीम तिथेच फाटतं. हे काम आपल्याकडच्याच कुणाचं. म्युझियमवाले गुंडाळतात ना?"

मी खुर्चीवरून उठलोच. सप्टेंबरच्या फोटोत ज्या घड्या नाहीत, त्या ऑगस्टच्या फोटोत कशा असतील?

५

गुरुवारी सकाळी सातला मी दिलावरच्या खोलीवर पोचलो. शुक्रवारची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

"दिलावरभाई," मी दार लावून म्हटलं, "झेंड्याची घडी तुम्ही बदललीत."

त्याने बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पन्नाशीचा माणूस रडायला लागला.

"हो साहेब. बंदरावर. कस्टमवाला फोनवर होता. बघवेना मला. बापूस पंचवीस वर्षं जहाजावर होता, आईला त्यानं बाहेरून रेशमी साडी आणलेली. आई गेली तवापासून ती साडी तोच संभाळतो. ईद आली की बाहेर काढतो नि घडी बदलतो. लहानपणी आम्ही दोघं धरायचो, एक टोक त्याच्याकडं, एक माझ्याकडं. तो झेंडा तसाच चिरत होता. मी तिघडी घातली. नोकरी जाईल म्हणून बोललो नाय."

"मंगळवारीच सांगितलं असतंत तर—"

"सांगितलं असतं तर मीच चोर झालो असतो ना?"

ते खरं होतं. पण आता तीच गोष्ट त्याला सोडवणार होती. घडी रविवारी बंदरावर बदलली. नव्या घड्या फोटोत दिसतात. म्हणजे फोटो रविवारनंतरचा, कतारमधला. दिलावर रविवारी दहा मिनिटं आत होता आणि त्यानंतर झेंडा कुणीतरी निवांत पसरून त्याचा फोटो काढला. अश्फाकच्या रजिस्टरात पाच मिनिटंवाला शौनक आणि चाळीस मिनिटंवाली बाई, एवढेच उरतात. आणि फोटो बाईंनी दिला. इनेसबाई बंदरावर नव्हत्या, त्यामुळे तिघडी राजधानीतल्या सरकारी माणसांची असेल, असंच त्यांनी धरलं असणार, आणि तिच्या रेघा फोटोत उमटल्यात हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"हे लिहून द्याल?" मी विचारलं. "चोरीतून सुटाल. नोकरी मात्र जाईल."

"बापसाला बघायला मिळंल?"

"मी धावपळ करतो."

त्याने तिथेच सही केली. कस्टमच्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणाला, हो, त्या कामगाराने कापड पुन्हा घडी करून ठेवलं, मला वाटलं तेच त्याचं काम असेल. दोन शब्द त्यानेही लिहून पाठवले. साडेअकरा वाजले होते.

६

इनेसबाई हॉटेलच्या लॉबीत बॅगेसह बसल्या होत्या. मी दोन्ही फोटो त्यांच्यासमोर ठेवले आणि घडीची गोष्ट सांगितली. त्यांनी नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. कोवळ्या रेघांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"आमच्याकडे तो पूर्ण पसरेल एवढं टेबल नाही," त्या म्हणाल्या. "निरोप देण्याआधी एकदा पूर्ण बघायचा होता. म्हणून फोटो काढला. मूर्खपणा."

"झेंडा कुठे आहे?"

"वाटेत. हवा मोजायच्या यंत्रांच्या बॅगेत घालून बाहेर आणला आणि सोमवारी संध्याकाळीच पार्सल केला, दुकानातल्या सहा नव्या झेंड्यांच्या मध्ये घालून. दुकानदाराने विचारलं, फुटबॉल? मी म्हटलं, फुटबॉल."

"स्वतःचीच वस्तू तुम्ही—"

"स्वतःची?" आता त्यांचा आवाज चढला. "प्रदर्शन संपलं की तो राजधानीच्या म्युझियममध्ये जाणार होता, कायमचा. नवा कायदा. आमचं मत कुणी विचारलं नाही. ऐका. स्पेनचे लोक आले आणि त्यांनी आमचा डोंगर पोखरला. गावातल्या दर सात पुरुषांतला एक खाणीत धाडायचे. बहुतेक परत येत नसत. मग अठराशे बारामध्ये गावच्या बायकांनी लग्नाचे घागरे उसवून हा झेंडा शिवला. राजाची फौज परत आली, गाव जाळलं. बायकांनी झेंडा बारा वर्षं या घरातून त्या घरात लपवला. शेवटी स्वातंत्र्य आलं, पण ते राजधानीत. आमच्याकडे फक्त हुकूम देणारे बदलले. एवढं एकच कापड आमच्याकडे उरलंय. मी ते चोरलं नाही. आमच्या बायकांनी लपवलं होतं, तसं लपवलं."

मी हे सगळं ऐकलं, आणि लाज वाटते सांगायला, पण मला त्यांचं पटलं. बाहेर टॅक्सी उभी होती.

"बाई, दिलावरचा बाप मरायला टेकलाय," मी म्हणालो. "उद्या त्याचं विमान आहे, आणि तुमच्या झेंड्यापायी त्याला जाता येत नाही."

त्या पांढऱ्या पडल्या. "मला वाटलं विमा कंपनी पैसे देईल आणि प्रकरण मिटेल. कुणाला धरतील असं—"

"पेटी उचलणाऱ्यालाच धरतात."

"हो," त्या हळू म्हणाल्या. "चांदी कमी भरली की आमच्याकडेही खेचरं हाकणाऱ्यालाच मारायचे."

"मग चला माझ्याबरोबर. अर्ध्या तासाचं काम आहे."

त्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरीही त्यांनी मान हलवली. "मी बोलले तर पार्सल वाटेतच अडवतील. अकरा हजार माणसं आहेत माझ्या गावात. पार्सल पोचलं की मी लिहून देईन. शब्द देते."

"तोवर तो म्हातारा थांबेल का?"

त्या उठल्या. मी त्यांच्या बॅगेचा दांडा धरला. खरंच धरला, पासष्टीला आलेला सर्वेअर भर लॉबीत एका बाईची बॅग ओढून धरतो, हे दृश्य लोकांनी पाहिलं. मग सिक्युरिटीवाला आमच्याकडे यायला लागला आणि मी दांडा सोडला.

७

सव्वा वाजता मी शौनकच्या केबिनमध्ये सगळे कागद टेबलावर मांडले. त्याने एकदा वाचले, पुन्हा वाचले, आणि पहिल्यांदाच त्याची घाई गेली.

"सर, हे पक्कं आहे. दिलावर क्लीन आहे."

"मग तक्रार मागे घ्या. आत्ता. सरकारी ऑफिसं दोनला बंद होतात, मग शुक्रवार-शनिवार सुट्टी."

त्याने फोन लावला. तक्रार दालनाच्या संचालकांच्या सहीने गेली होती, मागे घ्यायलाही त्यांचीच सही लागणार होती, आणि संचालक सकाळीच उमऱ्यासाठी मक्केला गेले होते. दुसरी सही चालेल का? पोलिस ठाण्यातला अधिकारी सभ्य माणूस होता. तो म्हणाला, कागद आणा, मी बघतो, पण बॅन उठवणारी खिडकी वेगळी आणि ती आता रविवारी उघडेल. शौनकने आणखी अकरा फोन केले. मी मोजले, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. शेवटचा फोन ठेवून तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, सॉरी." तीन दिवसांत त्याने मला पहिल्यांदाच काका म्हटलं.

मी विमानतळालाही फोन केला. इनेसबाईंना थांबवायला माझ्याकडे काय होतं? दोन फोटो आणि एक रेघ. त्यांचं विमान वेळेवर सुटलं.

शुक्रवारी दिलावरचं विमान त्याच्याशिवाय गेलं. शनिवारी पहाटे त्याचा बाप गेला, आणि दुपारी असरच्या नमाजानंतर त्याला रेवदंड्यात मातीही दिली.

रविवारी दहा वाजता बॅन उठला. त्याच पाकिटात दुसरा कागद होता: नियम मोडून वस्तूला हात लावल्याबद्दल सेवा समाप्त. शौनकने तो कागद थोपवायचा प्रयत्न केला होता, हे मला अश्फाककडून कळलं. थोपवता आला नाही, एवढंच.

संध्याकाळी मीच दिलावरला गाडीने विमानतळावर सोडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांबाखांबावर बत्तीस देशांचे झेंडे लागले होते. पार्किंगमध्ये गाडी उभी केल्यावर मी म्हटलं, "दिलावरभाई, मी दोन दिवस आधी विचारायला हवं होतं."

"तुम्ही काय करणार, साहेब." तो समोर बघत होता. "बहीण सांगत होती, शुक्रवारी रात्री बापूस सारखा विचारायचा, दिलावरचं विमान आलं काय. तिला काय सुचंना, ती म्हणाली, आलं. मग शेजारचा उस्मान उशाशी बसला, त्याचा हात घट्ट धरून बापूस म्हणाला, आलास काय. उस्मान म्हणाला, आलो, बाबा."

मी त्याची बॅग उचलून ट्रॉलीवर ठेवली, आणि तो आत जाईपर्यंत तिथे उभा राहिलो.